छडी, शाळा आणि अहिंसा

टिटवाळ्याच्या महागणपतीशी एक प्राचीन कथा जोडलेली आहे. काळू नदीच्या परिसरातील ही भूमी म्हणजे कण्व ऋषींच्या आश्रमाचे स्थान, असे स्थानिक परंपरा मानते. दुष्यंताच्या विचारात हरवलेल्या शकुंतलेला आश्रमाच्या दारी आलेल्या दुर्वास ऋषींची चाहूल लागली नाही. कोपिष्ट दुर्वासांनी तिला शाप दिला आणि ज्याच्या चिंतनात ती मग्न होती त्यालाच तिचा विसर पडला. पुढे कण्वांनी तिला गणेशाची स्थापना करून उपासना करण्यास सांगितले आणि तिचे संकट दूर झाले, अशी श्रद्धा आहे.

या कथेची ऐतिहासिकता तपासणे हा येथे विषय नाही. मात्र, लक्ष नसलेल्या एका मुलीशी दोन वडीलधारी माणसे किती वेगळ्या रीतीने वागली, हे तीत स्पष्ट दिसते. एकाने चूक दिसताच शासन केले; दुसऱ्याने चुकीतून बाहेर पडण्याची वाट दाखविली. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा असावी की नसावी, या वादाचा इतिहास पाहिला तर याच दोन वृत्ती पुनःपुन्हा समोर येतात. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या समाजाने हा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण या प्रश्नाचे उत्तर त्या समाजाच्या व्रतग्रंथांत शेकडो वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे.

पंतोजींची शाळा

इंग्रजी अमदानीपूर्वी महाराष्ट्रातील गावोगावी पंतोजींच्या शाळा भरत. एखाद्या वाड्याची ओसरी, देवळाचा मंडप किंवा पंतोजींचे स्वतःचे घर हीच शाळेची जागा असे. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडी वाचन, पाढे, पावकी-निमकी आणि हिशेब एवढा अभ्यासक्रम असे. व्यापारी आणि कुळकर्णी घराण्यांतील मुलांना पुढे ज्याची गरज पडे, तेवढेच येथे शिकविले जाई. छापील पुस्तके नव्हती. सारी भिस्त पाठांतरावर होती. पंतोजींना मिळणारे वेतन तुटपुंजे असे. दरमहा काही आणे, सणावाराला शिधा, असा त्यांचा निर्वाह चाले.

या शाळांतील शिक्षांची वर्णने जुन्या आठवणींत विपुल आढळतात. हातावर छडी मारणे ही त्यांतील सर्वांत सौम्य शिक्षा होती. अंगठे धरून ओणवे उभे करणे, कोंबडा करणे, पाठीवर ओझे ठेवणे, आढ्याला टांगणे असे अनेक प्रकार प्रचलित होते. शाळा चुकविणाऱ्या मुलाची इतर मुलांकरवी टांगाटोळी करून त्याला आणले जाई. म्हणजे एका मुलाच्या शिक्षेत दुसरी मुलेही सहभागी होत आणि दुसऱ्याला दुखविण्याचा पहिला धडा तेथेच गिरवीत. मारावाचून विद्या येत नाही, हा समज इतका दृढ होता की पंतोजींचा धाक हीच शाळेची प्रतिष्ठा ठरे.

तरीही या साऱ्याचा दोष केवळ पंतोजींच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे होईल. वेगवेगळ्या वयाची आणि वेगवेगळ्या पायरीवरची मुले एकाच माणसाने एकाच ओसरीवर सांभाळावयाची. कंटाळवाणे पाठांतर त्यांच्याकडून दिवसभर करवून घ्यावयाचे आणि त्यासाठी प्रशिक्षण कसलेही नाही, अशी ती स्थिती होती. अशा परिस्थितीत छडी हे त्याचे एकमेव साधन बनले. पुढील दीडशे वर्षांत इमारती बदलल्या, पुस्तके आली. पण ही परिस्थिती पुरती बदलली नाही, आणि म्हणूनच छडीही गेली नाही.

रेल्वे आली, शिक्षणखाते आले

१८५४ मध्ये कल्याणपर्यंत आलेली आगगाडी १८५५ मध्ये टिटवाळ्याच्या भूमीतून पुढे वासिंदपर्यंत गेली. योगायोगाने त्याच वर्षी मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार शाळांना अनुदान, शिक्षकांना प्रशिक्षण आणि तपासणीसाठी अधिकारी अशी नवी घडी बसू लागली. गावातील पंतोजी हळूहळू सरकारी ‘मास्तर’ झाला.

नव्या व्यवस्थेने अनेक चांगल्या गोष्टी आणल्या. पण छडीला तिने एक नवे कारणही दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनुदान परीक्षेच्या निकालावर देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली. तपासणीला येणारे ‘दिपोटी’ साहेब मुलांची परीक्षा घेत आणि किती मुले उतरली त्यावर शाळेचे उत्पन्न ठरे. मुलाला विषय समजला की नाही, यापेक्षा साहेबांसमोर तो अडखळला की नाही, याला महत्त्व आले. मुलाचे चुकणे म्हणजे शाळेचे आर्थिक नुकसान, असे समीकरण एकदा बनल्यावर त्या चुकीचा राग मुलाच्या तळहातावर उतरणे स्वाभाविक होते.

याच काळात कायद्यानेही मास्तरांची पाठराखण केली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ८८ आणि ८९ या कलमांनी सद्हेतूने व हितासाठी केलेल्या कृत्यांना काही संरक्षण दिले होते. बारा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकाची संमती त्यासाठी पुरेशी मानली गेली. पालकाने मूल शाळेत घातले म्हणजे त्याला वळण लावण्याचा आपला अधिकारही त्याने शिक्षकाकडे सोपविला, अशी भूमिका न्यायालये घेत. ही कल्पना मूळ इंग्लंडमधील. त्याच १८६० साली इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे टॉमस हॉप्ले या शिक्षकाने एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला इतके मारले की त्याचा मृत्यू झाला. हॉप्लेला शिक्षा झाली. परंतु त्याच खटल्यात, मार ‘वाजवी’ असेल तर तो शिक्षकाचा अधिकार आहे, असेही तेथील न्यायालयाने सांगितले. त्या इंग्लंडला स्वतःच्या सरकारी शाळांतील छडी बंद करण्यास १९८७ साल उजाडावे लागले आणि खासगी शाळांतील छडी १९९९ मध्ये गेली. याउलट स्वीडनने १९७९ मध्येच घर आणि शाळा दोन्ही ठिकाणी मुलांना मारण्यास बंदी केली. असे करणारा तो जगातील पहिला देश होय.

एका विद्यार्थ्याची आठवण

छडीच्या या राज्यात वाढलेल्या एका विद्यार्थ्याने आपली आठवण पुढे आत्मचरित्रात नोंदविली आहे. मोहनदास करमचंद गांधी हे त्याचे नाव. राजकोटच्या शाळेत शिकताना एकदा त्यांना शिक्षकांकडून मार खावा लागला. मार लागल्याचे दुःख त्यांना फारसे झाले नाही; आपण माराला पात्र ठरलो, याचे दुःख मात्र अतोनात झाले आणि ते खूप रडले. त्याच आत्मचरित्रात तपासणीसाठी आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचीही हकिगत आहे. एका शब्दाचे वर्ण गांधींनी चुकीचे लिहिले, तेव्हा शेजारच्या मुलाच्या पाटीवरून उतरवून घे, अशी खूण शिक्षकांनी त्यांना पायाने केली. निकालासाठी शिक्षक काय करू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पुढे दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी स्वतः शिक्षक झाले. मुलांना मारून शिकविण्यास त्यांचा विरोध होता. तरीही एका हूड व भांडखोर मुलावर संतापून त्यांनी एकदा हाताशी असलेली आखणी उचलली आणि त्याच्या दंडावर मारली. मारताना त्यांचा हात थरथरत होता. मुलगा रडला, त्याने क्षमा मागितली. पण गांधीजींच्या मनाला ती घटना कायमची टोचत राहिली. त्या क्षणी आपल्यातील आत्मबल नव्हे तर पशुबल प्रकट झाले, या निष्कर्षाला ते आले. श्रीमद् राजचंद्रांच्या सहवासाचा ज्यांच्या जीवनावर खोल ठसा उमटला होता, त्या गांधीजींनी येथे एक महत्त्वाची गोष्ट ओळखली : मारण्याचा विचार करताना ‘मुलाचे काय झाले’ एवढेच पाहून चालत नाही, ‘मारणाऱ्याच्या आत काय घडले’ हेही पाहावे लागते.

महाराष्ट्रातही वेगळी वाट चोखाळणारे शिक्षक होते. १९२४ ते १९३० या काळात अमळनेर येथे शिक्षक असलेले साने गुरुजी छात्रालयातील मुलांना न बोलता वळण लावीत. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडून ठेवीत. मुले लाजत आणि दुसऱ्या दिवशी स्वतः केरसुणी हाती घेत. जैन कुटुंबात कुंभोज येथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांना विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आले होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यानंतर ‘शुद्धी’साठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, हा त्यांचा अपराध होता. या शिक्षेने भाऊरावांचे मत बदलले नाही. उलट १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे छत्रपती शाहू बोर्डिंग हे त्यांनी त्या प्रसंगाला दिलेले विधायक उत्तर होते. शिक्षा माणसाला बाहेर काढू शकते. त्याचे मन बदलू शकत नाही, याची ही साक्ष होय.

भावनगरहून कोसबाडला

‘मारल्याशिवाय मुले शिकत नाहीत’ या समजाला प्रत्यक्ष प्रयोगाने उत्तर मिळाले ते बालशिक्षणाच्या चळवळीतून. सौराष्ट्रातील भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. शिक्षा नाही आणि बक्षिसाचे आमिषही नाही. गोष्टी, गाणी, खेळ, निसर्ग आणि हाताचे काम यांतून शिक्षण, हे त्यांचे सूत्र होते. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाईंना लोक प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणत. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक आजही शिक्षकांच्या हाती असते. त्यात एक शिक्षक सरकारी शाळेच्या चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो आणि छडीवाचूनही वर्ग चालतो, हे दाखवून देतो.

१८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. परंतु शहरातील सुस्थितीतल्या मुलांपुरतेच हे शिक्षण राहू नये, अशी त्यांची तळमळ होती. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी आल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई वाघ येथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. बोर्डी आणि कोसबाड ही गावे १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असली, तरी हा प्रयोग घडला तो टिटवाळ्याच्याच जिल्ह्यात, याची नोंद येथे अवश्य करावयास हवी.

कोसबाडचे वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे. वारली मुले शाळेत येत नव्हती. कुणाला गुरे चारावयाची होती, कुणाला धाकटे भावंड सांभाळावयाचे होते. पंतोजींच्या काळातील उपाय वापरायचा झाला तर टांगाटोळी करून मुले आणावी लागली असती आणि संधी मिळताच ती रानात पळून गेली असती. ताराबाई आणि अनुताई यांनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. पाड्यावरच्या अंगणात शाळा भरू लागली, तीच अंगणवाडी. गुरे चरतात त्या कुरणावर शाळा गेली; तिला कुरणशाळा म्हणू लागले. महागड्या साहित्याऐवजी बिया, शंख, पाने, खडे, माती हे साहित्य झाले. आधी मुलांना न्हाऊमाखू घालावे, केस विंचरावेत, मग गाणी आणि मग अक्षरे, असा क्रम असे. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन शासनाने या कार्याचा गौरव केला.

छडीच्या वादात कोसबाडची साक्ष फार मोलाची आहे. ज्या मुलांवर कसलीही सक्ती नव्हती, ज्यांच्या घरी अक्षराची ओळख नव्हती आणि ज्यांच्यासमोर पळून जायला सारे रान मोकळे होते, ती मुले केवळ आनंदासाठी आणि आपुलकीसाठी शाळेत बसू लागली.

कायद्याची वाटचाल

मुले शाळेत आणण्याची जबाबदारी जसजशी समाजाने व शासनाने स्वीकारली, तसतसा शिक्षेचा प्रश्नही बदलत गेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांनी मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. मुलाने शाळेत आलेच पाहिजे असे कायदा सांगत असेल, तर शाळेत त्याच्या अंगाला कुणी हात लावणार नाही याची हमीही कायद्यानेच दिली पाहिजे, हे ओघानेच येते. ही हमी प्रत्यक्षात येण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षेला शिक्षणव्यवस्थेत मुळीच स्थान राहणार नाही, असे जाहीर केले. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा करार स्वीकारला. शाळेची शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला साजेशी असावी, असे त्यात म्हटले आहे. भारताने १९९२ मध्ये हा करार मान्य केला. १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने शारीरिक शिक्षेला परवानगी देणारी दिल्लीच्या शाळांच्या नियमावलीतील तरतूद रद्द ठरविली. अखेर २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आणि तिचा भंग करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होईल, असे स्पष्ट केले. सक्ती आणि सुरक्षितता अशा रीतीने एकाच कायद्यात एकत्र आल्या.

कायदा झाला म्हणजे सवय गेली, असे मात्र झाले नाही. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, तेरा राज्यांतील पाहणीत शाळेत जाणाऱ्या सुमारे ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांत केलेल्या पाहणीत ६,६३२ मुलांपैकी अवघ्या नऊ मुलांनी आपल्याला कोणतीही शिक्षा झाली नसल्याचे सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतील एका शाळेत उशिरा आल्याबद्दल सहावीतील मुलीला उठाबशांची शिक्षा देण्यात आली आणि त्यानंतर काही दिवसांतच ती दगावली. या घटनेने साऱ्या महाराष्ट्राला हळहळ वाटली. उठाबशा ही ‘साधी’ शिक्षा, असे समजणाऱ्या प्रत्येकाला अंतर्मुख करणारी ही घटना आहे.

पाच अतिचार आणि शाळा

आता जैन आचारग्रंथांकडे वळू. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे, म्हणजे स्थूल अहिंसेचे, पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून किंवा कोंडून ठेवणे, मारणे, अवयवांना इजा करणे, पेलवणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे, असा त्यांचा अर्थ होय. येथे ‘वध’ या शब्दाचा अर्थ प्राण घेणे असा नाही, हे आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त आवर्जून स्पष्ट केले आहे. काठी, चाबूक, वेत यांनी प्रहार करणे म्हणजे वध, असे ते सांगतात. कारण प्राणहरणाचा त्याग तर व्रत घेतानाच झालेला असतो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या स्पष्टीकरणात वेताचा उल्लेख आहे. हाच वेत पुढे शाळेच्या मेजावर येऊन बसला.

या पाच शब्दांशी शाळेतील शिक्षांचा ताळा घालून पाहावा. मुलाला वर्गात कोंडून ठेवणे किंवा तासन्‌तास एका जागी ओणवे उभे करणे हा बंध. छडी, पट्टी, चापट हा वध. कानशिलात बसल्याने कानाला इजा होणे यात छविच्छेदाची छाया आहे. शंभर उठाबशा, दोनशे वेळा तेच वाक्य लिहून आणण्याची शिक्षा, पाठीवर दप्तर घेऊन मैदानाला फेऱ्या हे अतिभारारोपण. मधल्या सुट्टीत डबा खाऊ न देणे, पाणी पिण्यास जाऊ न देणे हा अन्नपाननिरोध. ग्रंथकारांच्या डोळ्यांसमोर गाय-बैल आणि सेवक होते. परंतु त्यांनी जी यादी केली ती शाळेच्या शिक्षापद्धतीला जशीच्या तशी लागू पडते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. काही श्वेतांबर टीकाग्रंथांत या अतिचारांचे विवरण करताना अभ्यासात चुकारपणा करणाऱ्या मुलाचाही उल्लेख येतो. त्याला बांधण्याची वेळच आली तर हालचाल करता येईल इतके सैल बांधावे आणि आग वगैरे संकटात त्याला इजा होणार नाही याची काळजी घ्यावी, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे परंपरेने शिक्षेला थोडी वाट ठेवली होती, असे कुणी म्हणेल. पण या उल्लेखाचा रोख पाहावा. तो शिक्षेला उत्तेजन देणारा नसून शिक्षा करणाऱ्याच्या हाताला आवर घालणारा आहे. ज्या काळात मुलाला आढ्याला टांगणे कुणाला वावगे वाटत नव्हते, त्या काळात ‘सैल बांधा, त्याच्या जिवाची काळजी घ्या’ असे सांगणे हे अहिंसेच्या दिशेने टाकलेले पाऊल होते. त्याच दिशेने पुढे चालत गेले तर बंधन आणि वेत दोन्ही सुटतात.

हे अतिचार केवळ विद्वानांच्या ग्रंथांत राहिलेले नाहीत. प्रतिक्रमणात म्हटल्या जाणाऱ्या वंदित्तु सूत्रात त्यांचा उच्चार होतो. पाक्षिक व सांवत्सरिक प्रतिक्रमणातील गुजराती अतिचारांत तर चतुष्पादांबरोबर द्विपादांचाही, म्हणजे माणसांचाही, स्पष्ट निर्देश आहे आणि रागाच्या भरात घातलेल्या घावाबद्दल क्षमा मागितली जाते. शिवाय श्रावकाचे व्रत मन, वचन आणि काया यांनी स्वतः करणे व दुसऱ्याकडून करविणे, या दोन्हींना लागू आहे. शाळेत मुलाला पोहोचविताना ‘अभ्यास केला नाही तर खुशाल मारा’ असे शिक्षकांना सांगणारा पालक ‘करविणे’ या शब्दाच्या कक्षेत येतो. चारचौघांत मुलाला ‘ढ’ म्हणून हिणविणे ‘वचना’च्या कक्षेत येते. कायद्याने २००९ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. व्रताने वाणीवरचा हा निर्बंध केव्हाच घातला होता.

‘आम्हीही मार खाल्ला...’

वडीलधारी मंडळी पुष्कळदा म्हणतात, ‘आम्हीही मार खाल्ला, म्हणून तर घडलो.’ या म्हणण्यात शिक्षकांविषयीची कृतज्ञता आहे आणि तिचा आदरच केला पाहिजे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने या साक्षीला एक मर्यादा आहे. मार खाऊनही जे टिकले, शिकले, व्यवसायात यशस्वी झाले, त्यांच्याच आठवणी लिहिल्या आणि सांगितल्या गेल्या. मार असह्य होऊन ज्यांनी पाटी टाकली आणि शाळेकडे पुन्हा पाहिले नाही, त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. सुवर्णमहोत्सवी समारंभांत त्यांची भाषणे होत नाहीत. छडीच्या यशाचा हिशेब नेहमी एकाच बाजूची नोंद पाहून केला जातो. व्यापारी समाजाला हे वेगळे सांगावयास नको : जमेची बाजू लिहिली आणि नावेची कोरी सोडली, तर ती वही खरी मानता येत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. गर्दीच्या वर्गात धाकाशिवाय शिस्त राहणार कशी? निकाल लागला नाही तर जबाबदार कोण? पंतोजींच्या ओसरीपासून दिपोटींच्या तपासणीपर्यंतचा इतिहास हेच सांगतो की, शिक्षकाला एकटे टाकले की छडी परत येते. म्हणूनच शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत तीस आणि उच्च प्राथमिक शाळेत पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे. छडी काढून घेणे पुरेसे नाही. तिच्या जागी वेळ, साहित्य, प्रशिक्षण आणि पालकांचा सहभाग द्यावा लागतो. शिस्त आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छडी असेपर्यंतच टिकते तो धाक. छडी नसतानाही टिकते ती शिस्त.

क्षमापना

पाठशाळेत मुलांना नवकार मंत्र, सूत्रे आणि प्रतिक्रमण शिकविले जाते. जीवदयेचे संस्कार तेथेच होतात. मुंगीला वाट करून देण्यास शिकणाऱ्या मुलाचा कान सूत्र चुकल्याबद्दल पिरगाळला गेला, तर तो त्यातून नेमके काय शिकेल, याचा विचार प्रत्येक संस्थेने करावयास हवा. पाठशाळा, वसतिगृह, शाळा अथवा घर, जेथे जेथे समाजाची मुले शिकतात तेथे पहिल्या व्रताचे पाच अतिचार शिक्षकांनी व पालकांनी एकत्र बसून मुलांच्या संदर्भात वाचावेत. त्यासाठी निधी लागत नाही, बांधकाम लागत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात करता येण्याजोगा याहून सोपा आणि याहून कठीण संकल्प दुसरा नसेल.

संवत्सरीच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून लहान मुले मोठ्यांना हात जोडतात. त्या दिवशी एखाद्या वडिलांनी, एखाद्या शिक्षकाने वर्षभरात उगारलेल्या हाताबद्दल मुलासमोर हात जोडून तेच शब्द उच्चारले, तर त्या मुलाला अहिंसेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. दुर्वासांचा शाप कथेत राहिला; टिटवाळ्याच्या लोकांनी जतन केली ती कण्वांनी दाखविलेली वाट. शाळांनीही तीच जतन करावी.